दहा मोजायचे

सूरमध्ये शुक्रवारी कंपनीचं गेट बंद,
पण सर्व्हेची तिवई माझ्या पलंगाखालीच असते.
आठवडाभर तिच्यावर मी जमिनीचे चढउतार मोजतो,
सुट्टीला तिच्यावर अदनान परकारचा फोन,
वेल्डरकडून आणलेल्या पट्टीनं आवळलेला.
दाभोळचा पोर, वय एकोणीस, स्टोअरमध्ये हेल्पर.
म्हणाला, काका, पिक्चर काढायचाय. गलबताचा.
म्हटलं, आधी बुडबुडा मध्ये आण.

बुडबुडा मध्ये आला की क्षितिज सरळ.
समुद्र कलला तर बघणाऱ्याच्या पोटात ढवळतं,
आणि तुझ्या आजोबांनी याच समुद्रावर
जेवढं ओकलं तेवढं पुरे.

खाडीपलीकडे अयजाचा दीपस्तंभ,
अलीकडे बरगड्या उघड्या टाकून उभं गलबत.
तो लगेच झूम करायला लागला,
दोन बोटांनी पडदा फाडल्यासारखा.
नको रे. झूमनं वस्तू मोठी होते, जवळ येत नाही.
जवळ जायचं तर पायांनी जा,
भुशात चप्पल रुतू दे,
सागाचा वास फोनला नाही, पण तुला येतो,
आणि तो हाताच्या थरथरीत उतरतो कुठंतरी.

पॅन करशील तर दूध ओततात तसा, धार न तोडता.
कुठं थांबायचं ते सुरू करण्याआधी ठरव.
(घरून निघालो तेव्हा मी ठरवलं नव्हतं.
तेवीस वर्षं झाली. ते सोड.)

बाराच्या उन्हात चेहरे घेऊ नकोस,
खोबण्यांत काळोख साचतो,
सगळेच मुकादमासारखे दिसतात.
असरपर्यंत थांब.
मग ऊन तिरकं येतं, फळीवरची रेघन् रेघ उठते,
खिळ्यालाही स्वतःची सावली मिळते.

दोन माणसं बोलत असली तर
त्यांच्यामध्ये एक दोरी ताणलीय असं समज.
दोरीच्या एकाच बाजूला राहायचं.
ओलांडलीस तर दोघं एकाच दिशेला बघतात,
बोलतात, पण एकमेकांशी नाही.
म्हणजे अब्बा-अम्मीसारखं, अदनान म्हणाला.
मी पुढचं शिकवायला घेतलं.

वेलायुधन, बेपूरचा सुतार,
सदतीस वर्षं याच आवारात.
सुट्टीच्या दिवशीही येतो, खोलीवर करणार काय.
चेहरा नहीं, म्हणाला, हाथ लो.
हात घेतले.
बोट ठेवून फोकस तिथंच बांध, अदनान,
नाहीतर फोन बावरतो,
हात सोडून मागच्या पाण्याकडे पळतो.
उजव्या अंगठ्याला नख नव्हतं.
रंध्यातून साल निघत होती, लांबच लांब,
एकदाही न तुटता.

उन्हं कलली तेव्हा तोच म्हणाला,
अब एक लो. मैं जाता है. पीछे से.
रविवारी त्याचं विमान होतं. कायमचं.

हलवू नकोस, मी कुजबुजलो.
त्याच्यामागे जाऊ नकोस.
माणूस जातो, चौकट राहते.
आणि तो बाहेर पडला की लगेच बंद करायचं नाही.
दहा मोजायचे. मनात.

तो निघाला, खांद्याला तागाची पिशवी,
डावा पाय किंचित ओढत,
बरगड्यांच्या सावल्यांतून,
एकदा उजेडात, एकदा काळोखात,
आणि कडेनं बाहेर.

एक. दोन.
रिकामं आवार.
चार. थोडा भुसा उडाला.
सहा.
सातवर तो परत आला.
रंधा विसरला होता.
उचलला, आणि जाता जाता गलबताला थोपटलं,
रात्रपाळीला निघताना
झोपलेल्या पोराला थोपटतात तसं.
मग वळून सरळ भिंगात बघितलं,
अख्ख्या चेहऱ्यानिशी,
आणि हसला. पुढचे दोन दात नव्हते.

मी अदनानकडे बघितलं.
त्याचा अंगठा पाचवरच
दाबून मोकळा झाला होता.

परत करायला सांगू का त्यांना? म्हणाला.

मी तिवईचे पाय मिटले.
एकाच्या खाचेत वाळू अडकली होती,
ती काढत बसलो.